दोन ताण्यांच्या मध्ये

येवल्यात पैठणी मागावरून उतरते तेव्हा घरात काही समारंभ होत नाही. विणकर उभ्या धाग्यांवरून कात्री फिरवतो, साडी रुळावरून सोडवून बायकोच्या हाती देतो, ती सुटे धागे कातरून घडी घालते. व्यापाऱ्याला फोन जातो. ज्या मोरांसाठी आठवडेच्या आठवडे मान मोडून घेतली, त्यांच्याकडे तो पुन्हा वळून बघतही नाही. मी गेले त्या दिवशी अशीच एक साडी नुकती उतरली होती आणि घरधनी ओसरीवर पाय पसरून चहा पीत होते. ‘‘पुढची केव्हा सुरू?’’ असं विचारल्यावर ते हसले. ‘‘पुढची कसली? ताणा संपला. आता सांधणी.’’

सांधणी म्हणजे संपलेल्या ताण्याच्या टोकाला नव्या ताण्याचं टोक जोडणं. मागावर वही असते, फणी असते आणि ताण्याचा एकेक धागा त्यांतून ओवलेला असतो. ताणा संपला म्हणून तो पुरता उपसून काढला, तर नवा ताणा पहिल्या धाग्यापासून ओवत बसावं लागेल. म्हणून जुन्याची टोकं जागच्या जागी राहू देतात. बोटांना चिमूटभर राख लावायची, नव्या रेशमाचा एक धागा जुन्या एका धाग्याशी पीळ देऊन जोडायचा, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. साडीच्या पन्ह्यात असे काही हजार धागे. सगळे जोडून झाले की जोड अलगद वही-फणीतून ओढून पलीकडे न्यायचे आणि मगच धोटा हातात घ्यायचा. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर ओवण्याचं हे काम इतकं वेगळं मानलं गेलं की तिथे वहीफणी कामगार हा स्वतंत्र वर्गच तयार झाला.

सांधणीत मोर नाही, मुनिया नाही, आसावली नाही. पदराच्या वेळी प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली असते, धागे मोजून ती आत-बाहेर करायची असते आणि एक धागा इकडचा तिकडे झाला तर मोराची चोच वाकडी होते. सांधणीत असं काही घडत नाही. धाग्यांचा क्रम ठरलेला, पीळ ठरलेला. रेडिओ चालू असतो. शेजारचा येऊन गप्पा मारून जातो. ‘‘पदराला डोळे लागतात अन् डोकं लागतं,’’ ते म्हणाले. ‘‘सांधणीला नुसती बोटं. डोक्याला तेवढीच सुट्टी.’’

हे वाक्य ऐकायला मी येवल्याला गेले नव्हते. मला कळून घ्यायचं होतं ते असं : धाग्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशी माणसं, म्हणजे विणकर, क्रोशावाल्या, गोधडीवाल्या, एक काम संपल्यानंतर आणि दुसरं मनात धरण्याआधी नेमकं काय करतात? मोठं काम संपलं की अनेकांना एक विचित्र सुस्ती येते. हात शिवशिवत असतात आणि मन उठत नाही. या अवस्थेवर हल्ली सल्ले पुष्कळ मिळतात : फिरायला जा, निसर्ग बघा, नवी लोकर आणा. माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता. येवल्याहून परतताना होता तोही उरला नाही. कारण त्या विणकराच्या एका वाक्यात थकव्याची जागा नेमकी सांगितलेली होती. मोजून आणि निवडून डोकं दमतं, बोटं दमलेली नसतात. मग बोटांना काम द्यावं आणि डोक्याला देऊ नये, इतकी साधी गोष्ट आहे ती. पण आपल्या घरांतून ती जवळजवळ नाहीशी झाली आहे.

कशी, ते पुण्यात दिसलं. सदाशिव पेठेतल्या एका काकूंकडे गेले. बँकेतून निवृत्त झालेल्या, क्रोशात हात असा बसलेला की टीव्हीवरची मालिका बघत मुके खांब घालत जातात आणि खाली बघावं लागत नाही. नातीच्या लग्नासाठी त्यांनी डबल बेडचा पलंगपोस केला होता. सगळा पांढरा, चौकोनाला चौकोन जोडलेला. रुखवतात तो मधोमध मांडला होता आणि लोकांनी हात लावून लावून पाहिला, हे त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितलं. लग्न होऊन बरेच महिने लोटले होते. ‘‘तेव्हापासून सुईला हात नाही बघ,’’ त्या म्हणाल्या. मग पलंगाखालून एक पिशवी ओढली, मग दुसरी, मग कपाटाचा खालचा कप्पा उघडला. तुळशीबागेच्या आसपासच्या दुकानांतून आणलेली लोकर, रेशीमदोरा, दोन मुलांनी दोन देशांतून आणलेले गुंडे. एकाचीही कागदी पट्टी उसवलेली नव्हती.

इंग्रजी मुलखातल्या विणणाऱ्या बायकांत एक जुनी थट्टा आहे : लोकरीचा साठा उरलेल्या आयुष्यात संपणार नाही इतका झाला, की तुम्ही खऱ्या विणकर झालात. आपल्याकडेही ती आता लागू पडते. खरेदीत सुख आहे, ते मी नाकारणार नाही. नवा रंग हातात घेतल्यावर क्षणभर काहीतरी हलतं. पण ते हलणं बिनकामाचं असतं. प्रत्येक नवा गुंडा घरात येतो तो एक प्रश्न घेऊन : माझं काय करणार? आधीच निवडून दमलेल्या माणसापुढे पंधरा गुंडे पंधरा प्रश्न मांडून बसतात. फोनवर नमुने चाळत राहणं त्याहून वाईट. लोकांना ती विश्रांती वाटते. ती निवडीचीच जादा पाळी असते, तीही बिनपगारी.

स्वेटर विणायला घेताना किती ठरवावं लागतं, ते न विणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. कोणाचा, केवढा, कोणत्या सुयांवर, किती टाके, सुलट-उलटची पट्टी किती बोटं, गळा गोल की व्ही, बाही वेगळी विणून जोडायची की खांद्यावरून उतरवायची. पहिल्या वितीत चुकलं तर उसवायचं. मधल्या भागात हात एकटे पळतात आणि तो काळ आनंदाचा असतो, पण गळ्याशी आलं की पुन्हा हिशेब. सगळं संपतं तेव्हा विणणारी व्यक्ती हातांनी ताजी आणि डोक्याने शिणलेली असते. अशा वेळी ‘‘आता पुढे काय?’’ हा प्रश्न म्हणजे परीक्षा देऊन आलेल्या पोराला दारातच पुढच्या इयत्तेचं पुस्तक देण्यासारखं आहे.

काकूंच्या आईच्या काळात ही अडचण आपोआप टळत होती. लोकर लडीने यायची. लडीचा गुंडा करायचा तर एकाने दोन्ही हात पुढे करून ती धरून बसायचं आणि दुसऱ्याने गुंडाळायचं. घरातलं एखादं पोर त्या कामाला धरलेलं असायचं, त्याचे हात भरून यायचे, ते कुरकुरायचं. त्याहून मोठं काम उसवण्याचं. मोठ्या मुलाला आखूड झालेला स्वेटर उसवायचा, लोकर पाटावर किंवा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिच्या लड्या बांधायच्या, कोमट पाण्यात बुडवायच्या, वेटोळी जावीत म्हणून वाळताना खाली काहीतरी वजन अडकवायचं आणि मग पुन्हा गुंडे. धाकट्याच्या स्वेटरचा पहिला टाका सुईवर येईपर्यंत आठवडा सहज जायचा. त्या आठवड्यात बाई लोकरीपासून दूर नसायची. उलट तिचे हात दिवसभर लोकरीत असायचे, आणि तिला काहीही ठरवायचं नसायचं. पुढच्या स्वेटरची वीण या काळात कुठेतरी मनात येऊन बसायची. आता गुंडा तयार मिळतो. सोय झाली, हे खरंच. आठवड्याची मेहनत वाचली. पण तो आठवडा निव्वळ मेहनतीचा नव्हता आणि तो वाचवताना त्यात आणखी काय गेलं, हे कोणी पाहिलं नाही.

ग्रॅहम वॉलस या इंग्रज लेखकाने १९२६ साली ‘द आर्ट ऑफ थॉट’ या पुस्तकात नव्या कल्पनेच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या : तयारी, उबवण, उलगडा आणि पडताळणी. उबवणीच्या पायरीवर माणूस त्या प्रश्नाचा जाणूनबुजून विचार करत नसतो. २०१२ साली सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. रोजच्या वस्तूंचे अनोखे उपयोग सुचवायला सांगून मध्ये काहींना अवघड काम दिलं, काहींना सोपं, काहींना नुसतं बसवलं. सोपं काम करत बसलेल्यांना त्याच वस्तूंचे नंतर अधिक उपयोग सुचले. नुसत्या बसलेल्यांपेक्षाही अधिक. नंतर हा प्रयोग करून पाहणाऱ्या सगळ्यांना असाच निकाल मिळाला नाही, त्यामुळे त्याचा झेंडा करून मिरवण्यात अर्थ नाही. सांधणीवाल्याला त्याची गरजही नाही.

पण सांधणी ज्यांच्या वाट्याला येत नाही त्यांनी काय करावं? एलिझाबेथ झिमरमन ही बाई मला या बाबतीत सगळ्यांत शहाणी वाटते. जन्म इंग्लंडमधला, १९१० चा. आयुष्य अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये गेलं. ‘निटिंग विदाउट टीअर्स’ हे तिचं १९७१ चं पुस्तक आजही विणणाऱ्यांच्या हाती असतं. मोठं काम घेण्याआधी टाक्यांचं माप काढायला चौकोनी तुकडा विणायची रीत आहे. तो तुकडा कुणाला आवडत नाही, कारण पुढे त्याचं काही होत नाही. झिमरमनबाई म्हणतात, त्याऐवजी टोपी विणा. माप मिळतं, लोकरीची ओळख होते, आणि शेवटी हातात टोपी असते. आपल्या बाळंतविड्यातलं टोपडं याच जातीचं. चार दिवसांत होणारं, मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी कुठल्या ना कुठल्या डोक्याला बसणारं.

त्यांची दुसरी युक्ती मला त्याहून आवडते. १९७४ च्या ‘निटर्स अल्मनॅक’ या पुस्तकात त्यांनी बारा महिन्यांची बारा विणकामं दिली आहेत, आणि जुलैसाठी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या आणि भटकंतीच्या दिवसांसाठी, एक गोल शाल. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, एवढ्या एका शाळकरी गोष्टीवर ती उभी आहे. नऊ टाक्यांनी सुरुवात. टाके दुप्पट करायचे, तीन फेऱ्या साध्या विणायच्या. पुन्हा दुप्पट, सहा फेऱ्या. पुन्हा दुप्पट, बारा. मग चोवीस, मग अठ्ठेचाळीस. शेवटी सुईवर ५७६ टाके असतात आणि मधल्या लांबच लांब फेऱ्यांत बाई काहीही ठरवत नाही. गाडीत बसून विणा, नदीकाठी बसून विणा. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर हिशेब केला, नऊ, अठरा, छत्तीस, आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे आपली गोल रुमालाचीच वीण की. पण रुमालाला नमुना असतो. हिला नाही, हे बरं आहे.’’

धाग्याच्या कलेत ज्यांची नावं संग्रहालयांच्या भिंतींवर आहेत, त्यांनीही आपापली सांधणी शोधलेली दिसते. शीला हिक्स यांचा जन्म १९३४ चा, अमेरिकेतल्या नेब्रास्काचा. पुढे पॅरिस हे त्यांचं गाव झालं. इमारतींच्या अख्ख्या भिंती झाकणारी त्यांची कामं आहेत. न्यूयॉर्कच्या फोर्ड फाउंडेशनच्या सभागृहातल्या भिंती त्यांनी साठच्या दशकात भरतकामाने मढवल्या. १९६६ च्या सुमारास त्या केरळात कोझिकोडच्या कॉमनवेल्थ ट्रस्टच्या हातमाग कारखान्यातही काम करून गेल्या. पण विद्यार्थिदशेपासून त्यांच्याबरोबर एक लाकडी चौकट राहिली आहे. कॅनव्हास ताणायची साधी चौकट, तिला खिळे ठोकलेले. तिच्यावर त्या वहीच्या पानाएवढे तुकडे विणतात. कधी त्यात शिंपला अडकवतात, कधी पीस, कधी रबरबँड. कुणी मागणी केलेली नसते, कुणाची भिंत मोजलेली नसते. २००६ साली न्यूयॉर्कच्या बार्ड ग्रॅज्युएट सेंटरने या छोट्या तुकड्यांचंच प्रदर्शन भरवलं आणि त्याचं जाडजूड पुस्तक निघालं. म्हणजे पन्नास वर्षं जे मधल्या वेळचं काम होतं, तेच मुख्य काम म्हणून मांडलं गेलं. हे चांगलं झालं की नाही, माझं नक्की मत होत नाही. उद्या प्रदर्शनात लागणार आहे हे माहीत असतं तर ते तुकडे तसे विणले गेले नसते, एवढं मात्र वाटतं.

ॲनी आल्बर्स यांनी तर धागाच बाजूला ठेवला होता. जर्मनीतल्या बाउहाउसच्या विणकाम शाळेतून आलेल्या या बाईंनी १९३३ पासून अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात विणकाम शिकवलं. १९४९ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या एकटीच्या कामाचं प्रदर्शन झालं. कापडाच्या कलावंताला तो मान तोवर मिळाला नव्हता. त्या मेक्सिकोत वारंवार जात. मोंते आल्बानच्या प्राचीन थडग्यात सापडलेले सोन्याचे, मण्यांचे दागिने बघून आल्यावर १९४० च्या सुमारास त्यांनी आणि अ‍ॅलेक्स रीड या त्यांच्या विद्यार्थ्याने हार करायला घेतले. कशाचे? हार्डवेअरच्या दुकानातल्या वॉशरचे, केसांच्या पिनांचे, कागदाच्या क्लिपांचे. एका हाराचं पदक म्हणजे मोरीच्या भोकावर बसवायची जाळी. ओवणं तेच, गुंफणं तेच, फक्त त्यात विणकामाची प्रतिष्ठा नव्हती, त्यामुळे चुकायला मोकळीक होती. पुढे १९६३ मध्ये पती जोसेफ यांच्यासोबत लॉस एंजेलिसच्या एका लिथोग्राफीच्या कार्यशाळेत गेल्या असताना त्यांनी सहज छापून पाहिलं, आणि काही वर्षांत माग सोडून छापचित्रांकडेच गेल्या. त्या मागाकडे परतल्या नाहीत.

ही शक्यता कुठल्याही सल्ल्यात सांगितलेली नसते. मधल्या काळात मन ताजंतवानं होऊन पुन्हा त्याच कामाकडे येईल असं आपण धरूनच चालतो. कधी ते येत नाही. मृणालिनी मुखर्जी यांचा जन्म मुंबईचा, १९४९ चा. बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकल्या आणि सत्तरच्या दशकापासून रंगवलेल्या तागाच्या दोरीला हातांनी गाठी मारत माणसापेक्षा उंच शिल्पं करू लागल्या. आधी कागदावर चित्र काढायचं नाही. गाठीतून पुढची गाठ. एकेका शिल्पाला महिनेच्या महिने जात. ‘यक्षी’, ‘वनश्री’ ही त्यांतली नावं. १९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या सिरॅमिकच्या केंद्रात त्यांनी मातीत काम केलं आणि २००० नंतर ब्राँझ हे त्यांचं माध्यम झालं. दोरीच्या घड्या, पाकळ्या, फुगवटे ब्राँझमध्ये दिसत राहतात, दोरी मात्र दिसत नाही. २०१५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि त्याच दिवसांत त्या गेल्या. काकूंनी उद्या क्रोशा सोडून मणीकाम धरलं, किंवा काहीच धरलं नाही, तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही आहे असं मला तरी वाटत नाही.

एका समाजाने मात्र या प्रश्नाचं उत्तर थेट कापडात विणून ठेवलं आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला राहणारे दिने, ज्यांना बाहेरचे लोक नावाहो म्हणतात, उभ्या मागावर लोकरीच्या सतरंज्या विणतात. त्यांच्या जुन्या कापडांना चहूबाजूंनी काठ नसे. १९०० च्या आसपास गोऱ्या व्यापाऱ्यांनी शहरी गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे चौकटीची मागणी सुरू केली आणि काठ आले. अनेक विणकर बायकांना ते रुचेना. विणताना आपले विचार, आपली शक्ती कापडात उतरते; चारी बाजू बंद केल्या तर ती आतच अडकेल आणि पुढचं कापड सुचणार नाही, अशी धारणा. म्हणून त्या वरच्या कोपऱ्याजवळ मधल्या जमिनीच्या रंगाचा एक बारीक धागा काठातून आरपार कडेपर्यंत नेतात. विणकरणीची वाट. सगळ्याजणी ती ठेवत नाहीत आणि ठेवणाऱ्यांतही तिचा अर्थ सगळ्या एकसारखा सांगत नाहीत. दुकानात सतरंजी उलगडून बघणारं नवखं गिऱ्हाईक त्या रेघेवर बोट ठेवतं आणि इथे चुकलंय म्हणतं. माझ्या दृष्टीने ती जगातली सर्वांत हुशार चूक आहे : पुढच्या कामाची सोय आधीच्या कामातच, शेवटचे चार इंच बाकी असताना.

आपल्याकडे हे काम ऋतूंनी केलं. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्यांची खळ लागते. चिंचोके भाजायचे, फोडायचे, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे. मग ताणा उघड्यावर ताणून कुंच्याने खळ द्यायची आणि उन्हात वाळू द्यायची. पावसाळ्यात हे जमत नाही. त्यामुळे घोंगडी विणणाऱ्या सनगराचा माग पावसात मंदावायचा, तो कलावंताला विसावा हवा म्हणून नव्हे, तर खळ वाळत नाही म्हणून. खंडेनवमीला मागाची, धोट्याची, फणीची पूजा होते आणि पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी कामाला घेत नाहीत. मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरायची, जावळाची मऊ लोकर वेगळी काढायची, पिंजायची, सूत काढायचं. निम्मंअधिक काम असं, बिनमोरांचं.

इथे येवल्याच्या त्या ओसरीवरचं राहिलेलं बोलणं सांगायला हवं, नाहीतर लेख फार गोड होईल. डोक्याला सुट्टी म्हणणाऱ्या त्या विणकराला मी सांधणीची मजुरी किती, असं विचारलं. मजुरी साडीवर असते, त्यांनी सांगितलं. सांधणीचे दिवस साडीत धरलेले. रेशीम यायला उशीर झाला, व्यापाऱ्याने रंग कळवला नाही, तर तो थांबलेला काळ विणकराचा. त्यांना मधले दिवस हवे असतात आणि परवडत नाहीत. देशातल्या चौथ्या हातमाग गणनेत, २०१९-२० मध्ये, ३५ लाखांवर हातमाग कामगार मोजले गेले. त्यांतले जवळजवळ साडेआठ लाख विणत नाहीत, कांड्या भरतात, ताणा करतात, खळ देतात, सांधतात. बहुतेक घरांत हे काम बायका आणि म्हातारी माणसं करतात. पैठणीच्या खोक्यात साडी किती महिन्यांत झाली याचं कार्ड असतं. कांडी कुणी भरली, ते कोणी लिहीत नाही. पुण्यातल्या काकूंच्या सुस्तीला आपण सर्जनशीलतेचा प्रश्न म्हणतो आणि येवल्यातल्या मोकळ्या मागाला बेकारी. दोन्हींकडे बोटं आणि डोकं तीच आहेत, निवृत्तिवेतन फक्त एका घरात येतं.

आणि मधला काळ पैशाच्या आड आला की तो कसा आक्रसतो, ते सातारा जिल्ह्यातल्या एका गावात बघायला मिळालं. तिथल्या काही बायका मिळून गोधड्या शिवून विकतात. पूर्वी गोधडीचा मोसम ठरलेला होता : सुगी उरकली, ऊन तापायला लागलं की जुनी लुगडी धुऊन, फाडून, अंगणात पसरायची आणि चौघीजणींनी चार कडांना बसून धावदोरा घालत मध्याकडे यायचं. वर्षभर साठलेल्या चिंध्या बघता बघता रंग ठरायचे. आता मागणी बारमाही आहे. शहरातलं गिऱ्हाईक फोनवर फोटो पाठवतं : निळं हवं, पण गडद नको, लाल अजिबात नको. कापडही नवं, ठाणातून कापलेलं. फाडणं, धुणं, निवडणं राहिलंच नाही. एक गोधडी संपली की दुसरी त्याच दुपारी पसरली जाते. सगळ्यांत वयस्क मावशी म्हणाल्या, ‘‘हात चालतोय, पण ध्यानात काय येईना झालंय. मागचीच पुढं ओढतोय.’’

त्यांनी स्वतःच यावर तोड काढली होती. एक मोठी गोधडी झाली की जिने ती शिवली तिने उरलेल्या कापट्यांचं एक लहान दुपटं शिवायचं. रंग कुणी सांगायचे नाहीत, टाका कुणी तपासायचा नाही, वेळ लागेल तेवढा. दुपटं जिचं तिने न्यायचं. मी गेले तेव्हा मावशींच्या मांडीवर असंच एक होतं : जांभळ्याशेजारी पोपटी, मध्येच कुणाच्या तरी परकराची झालर, आणि धावदोरा सरळ न जाता गोल गोल फिरत गेलेला, शेणाने सारवल्यावर जमिनीवर बोटं उमटतात तसा. मोठ्या गोधड्या एका बाजूला घडी करून ठेवलेल्या होत्या. सुबक, निळ्या, एकसारख्या.

पुण्याहून मोटारीने आलेल्या एक ताई त्या बघत होत्या. दोन उलगडून झाल्या, किंमत विचारून झाली, मग त्यांची नजर मांडीवर गेली. ‘‘मला हीच हवी,’’ त्या म्हणाल्या. मावशींनी दुपटं जरा जवळ ओढलं. ‘‘ती इकायची न्हाय. माझी हाय.’’ ताई हटेनात. असं कुठेच मिळत नाही, रंग किती वेगळे आहेत, आणखी चार करून द्याल का, फ्रेम करून भिंतीवर लावायचं आहे. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मावशींनी सुई दुपट्यात खोचून ठेवली, ताईंकडे एकदा नीट बघून घेतलं आणि मोठ्या गोधडीची होती तीच किंमत सांगितली, वर दोनशे.